शिखरामागचा खांदा

१ जून, रविवार

आलो बुवा गाबेसला! मोनास्तिरहून निघालेली भाड्याची गाडी वाटेत तापून बसली, शेजाऱ्याच्या मांडीवरच्या कोंबड्याने माझ्या एकुलत्या एका इस्त्रीच्या शर्टावर आपलं मत नोंदवलं, तरी माझा आनंद तसूभर कमी झाला नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खजुरांचं रान. खजुरांच्या सावलीत डाळिंबं आणि डाळिंबांच्या सावलीत मेंदीचे वाफे. रान संपतं तिथे शनिनीची वस्ती. शनिनीत दोरसाफ, जिच्यापायी मी इथवर आलो ती.

खोली गच्चीवरची आहे. मालकीण खाल्ती नाजिया, म्हणजे सगळ्या गल्लीची मावशी. तिने मला उजेडात उभं करून नीट पाहिलं आणि म्हणाली, हाडं आहेत, मांस कुठाय? कुणापायी वाळलास? मी म्हटलं, उन्हापायी. तर म्हणते, ऊन मलाही लागतं मेल्या, मी नाही ती वाळले. मग मासळी घातलेल्या कुसकुसचं ताट समोर आलं. वरचा लाल मिरच्यांचा हरिसा इतका जहाल की डोळ्यांतून पाणी आलं. रडतोस कशाला, ती हेच खाऊन मोठी झालीय, म्हणाली. ‘ती’ कोण हे मी सांगितलंच नव्हतं. या बायकांना कसं कळतं देव जाणे.

दोरसाफचं लग्न जुलैत आहे. नवरा परदेशी, ल्योंला क्रेन चालवतो, सुट्टीत येऊन बायको उचलून नेणार. क्रेनवालाच तो. पण जुलैला अजून अवकाश आहे, आणि मी आता तिच्याच गावात आहे.

३ जून, मंगळवार

कामावर रुजू झालो. सी मोंजींची, म्हणजे मोंजीसाहेबांची, प्रयोगशाळा जारा बाजारामागे, वर दोन खोल्या. गावची मेंदी परदेशी जाण्याआधी आणि लग्नघरी जाण्याआधी इथून तिची प्रत ठरून जाते. मुलाखतीत त्यांनी विचारलं, रसायनशास्त्र अर्धवट का सोडलं? मी म्हणालो, प्राध्यापकाशी भांडण झालं. ते म्हणाले, माझ्याशीही होईल, पण यंत्राशी भांडू नकोस, त्याची किंमत आपल्या दोघांहून जास्त आहे.

यंत्र म्हातारं आहे, पण मला आवडलं. मेंदीचा अर्क सुईने आत सोडायचा. पंप त्याला बारीक भुकटी ठासलेल्या पोलादी नळीतून ढकलतो. अर्कातला प्रत्येक पदार्थ त्या भुकटीला आपापल्या स्वभावाप्रमाणे चिकटत, सुटत चालतो. कुणी लवकर बाहेर पडतो, कुणी रेंगाळतो. दाराशी अतिनील दिवा. जो बाहेर येतो तो दिव्याचा थोडा उजेड गिळतो आणि पडद्यावर एक शिखर उमटतं. शिखराखालचं क्षेत्रफळ मोजलं की किती माल ते कळलं. जत्रेतून परतणारी माणसं वेशीवर मोजावी तसं.

भानगड अशी की नळी जुनी झालीय. मेंदीचा रंग आणि केस काळे करायची ती रासायनिक पूड (मेंदी लवकर काळी चढावी म्हणून व्यापारी मिसळतात, कातडी जाळते) ही दोन्ही जवळजवळ जोडीनेच बाहेर पडतात. रंगाचं शिखर उतरता उतरता त्याच्या पाठीला एक फुगवटा येतो. त्याला आम्ही खांदा म्हणतो. आता हा खांदा मोजायचा कुणाच्या नावावर?

सी मोंजी म्हणाले, ज्याचं डोकं वर त्याचाच खांदा. म्हणजे सगळं मेंदीच्या नावावर! मी म्हटलं, अहो, म्हणजे भेसळ जितकी जास्त तितकी प्रत वरची? दुसऱ्या तरंगलांबीवर बघा ना. त्या उजेडात ती पूड दिसतच नाही, नुसती मेंदी दिसते. दोन उजेडांतला फरक काढला की दोघांचा वाटा वेगळा होतो, हे मला दुसऱ्या वर्षीच शिकवलंय. ते म्हणाले, दुसरं वर्ष पुरं केलं असतंस तर ऐकलं असतं. बारीक खांदा इथे सगळ्यांनाच असतो, त्याने कुणी मेलं नाही. मोठा दिसला तर मला हाक मार.

पहिल्याच दिवशी दात ओठ खाल्ले. पण नोकरी टिकवायचीय.

१२ जून, गुरुवार

भेटली! जाराच्या बाजारात, मेंदीच्या हिरव्या ढिगांपाशी. तेच कुरळे केस, तीच कपाळावर आठी घालून हसायची तऱ्हा. मी मनात कितीतरी वाक्यं घोळवून ठेवली होती. तोंडातून निघालं, टोपली जड आहे का?

ती म्हणाली, वज्दी, तू माझ्यासाठी कॉलेज सोडलंस असं गावभर सांगत फिरतोस म्हणे. नापास होणार होतास म्हणून सोडलंस. माझ्या डोक्यावर कशाला फोडतोस?

मी म्हटलं, तो क्रेनवाला तुला ओळखतो तरी का? तुझं काय ठाऊक आहे त्याला? ती म्हणाली, तो हळू बोलतो, आणि माझं बोलून होईपर्यंत थांबतो. तू कधी थांबलायस? मी तिचं बोलून व्हायच्या आत म्हणालो, हे बघ. ती हसली आणि टोपली घेऊन चालू पडली.

घरी येऊन भिंतीवर मूठ मारली. खाल्तीने खालून ओरडून विचारलं, भिंत तुझी की माझी?

१९ जून, गुरुवार

हे लिहू की नको. लिहितो.

सी मोंजी जेवायला गेले होते. दोरसाफचे काका आले, अम्म बशीर. बाप गेल्यापासून त्यांनीच तिला वाढवलं. बरोबर कापडी पिशवीत मेंदी. पोरीच्या लग्नाची आहे, प्रत लिहून दे, विहिणीसमोर कागद ठेवायचाय, म्हणाले. पानं घरच्या वाफ्यातली, बाजारातून दळून आणली. मी कोण हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तरी, की म्हणूनच, जाता जाता म्हणाले, पोरगी इतकी खूश आहे की भांडी घासताना गाते.

नमुना लावला. शिखर उमटलं आणि त्याच्या पाठीला खांदा. बारीकसारीक नव्हे, दुसरं शिखरच म्हणावं असा. दुसऱ्या उजेडात पाहिलं, खांदा साफ नाहीसा. दळणाऱ्याने पूड मिसळली होती, तीही मूठभरून. ही मेंदी रात्रभर हातापायांवर बांधली तर कातडी फोडांसकट उतरेल. कुणाकुणाचा श्वास अडकतो असंही शिकलोय.

सी मोंजींना हाक मारायची होती. मी मारली नाही. ती गाते हेच कानात वाजत होतं. दोन्हींचं क्षेत्रफळ एकत्र धरलं, दुसऱ्या उजेडाचा आलेख पुसून टाकला. कागदावर लिहिलं: एकच पदार्थ, शुद्ध, प्रत पहिली. खाली माझी सही.

अम्म बशीरनी माझे गाल ओढले, देव तुझं भलं करो म्हणाले.

पेन दाबून लिहितोय. रागानेच. उद्या जाऊन सांगेन त्यांना. मेंदी बांधायला अजून पुष्कळ दिवस आहेत.

२१ जून, शनिवार

आज एक गंमत झाली. जेवून कामावर गेलो, परत आलो तर खाल्ती म्हणते, आता तिसऱ्यांदा वाढणार नाही हं. मी म्हटलं, एकदाच जेवलो. ती म्हणाली, तू गेलास, आणि मी ताट घासायच्या आत पुन्हा येऊन बसलास, शहाण्या बाळासारखा मुकाट जेवलास. मुलूखियाचं हिरवं कालवण तर चाटूनपुसून. म्हातारी झाली बिचारी. मी मुलूखिया तोंडात घालत नाही.

अम्म बशीरकडे जायचं राहिलं. सोमवारी जातो.

२४ जून, मंगळवार

यंत्रात काहीतरी बिघाड आहे. सकाळी नेहमीप्रमाणे कोरा द्रव सोडला. यात काहीच नसतं, पडद्यावर सपाट तळरेषा यायला हवी. तळरेषा आलीही. आणि जिथे मेंदीचं शिखर उतरतं, नेमका तिथे खांदा.

शिखर नाही आणि खांदा आहे.

नळी धुतली, सुई बदलली, पुन्हा कोरा द्रव. पुन्हा खांदा. जरा पुढे सरकलेला. सी मोंजींना दाखवलं तर ते म्हणाले, तूच हात न धुता बाटली धरली असशील, आणि हो, मघाशी तू दुसऱ्यांदा येऊन शुभ सकाळ म्हणालास ते आवडलं मला, तुझ्यात सुधारणा होतेय. मी म्हटलं, मी एकदाच आलो. ते हसले. म्हणाले, पहिल्यांदा नेहमीसारखा दार आपटून आलास. नंतरचा मला बरा वाटला.

२८ जून, शनिवार

गेलो एकदाचा शनिनीला. मेंदी फेकून द्या म्हणून सांगितलं. अम्म बशीर आधी समजून घेत होते, मग त्यांनी माझाच कागद समोर धरला. ही सही कुणाची? मी म्हणालो माझी, पण मी खोटं लिहिलं. ते म्हणाले, तेव्हा खोटं की आता खोटं? लग्न मोडायला आलास होय रे? मी आवाज चढवला. गल्ली जमली. दोरसाफ खिडकीत होती. मी तिच्याकडे बघून ओरडलो की ती बांधू नकोस, जळशील. लोकांना तो शाप वाटला. मला ढकलून काढलं.

संध्याकाळी तिचा फोन. आवाज मऊ. म्हणाली, दुपारी आलास तेव्हा तुझा तिटकारा आला होता, पण नंतर परत आलास ते बरं केलंस. अंजिराखाली उभा राहिलास, माझं सगळं बोलून होईपर्यंत थांबलास. असाच आधी असतास तर, वज्दी.

मी विचारलं, मी काय म्हणालो?

ती म्हणाली, विसरलास? काहीच नाही म्हणालास. हात बघू म्हणालास फक्त. मी दाखवले. तुझी बोटं किती गार होती रे.

मी शनिनीहून तडक खोलीवर आलो होतो. खाल्तीला विचारलं, साक्षीला. ती म्हणाली, हो, आलास. आणि थोड्याच वेळाने पुन्हा आलास.

१ जुलै, मंगळवार

तो माझ्या मागून येतो. मी जिथे जिथे जातो तिथे, मी निघून गेल्यावर. आधी बराच वेळ जायचा. आता खाल्ती म्हणते, तू जिना चढलास आणि मागोमाग पुन्हा तूच.

अंतर कमी होतंय. यंत्रातही. रोज सकाळी कोऱ्या द्रवातला तो फुगवटा पुढे पुढे सरकतो. मेंदीचं शिखर जिथे येतं त्याच्या पोटाखाली शिरू पाहतोय. पूर्ण शिरला की दिसणारच नाही. दोन आहेत हे कुणालाही, कधीही कळणार नाही. क्षेत्रफळ तेवढं मोठं भरेल.

मी सी मोंजींना सगळं सांगितलं. मेंदीचं. त्याचं नाही. ते पांढरे पडले. शिव्या दिल्या, त्या मी खाल्ल्या. मग तो जुना आलेख काढला, अम्म बशीरना दाखवू म्हणाले.

कागदावर खांदा नाही. एक गुळगुळीत, देखणं शिखर. सी मोंजींनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, कुठे आहेत दोन? दुसऱ्या उजेडाचा आलेख दाखवावा तर तो मीच पुसलाय, नमुनाही संपलाय. ते म्हणाले, एका मुलीपायी वेड लागलं असेल तर घरी जा, माझ्या प्रयोगशाळेचं नाव बुडवू नकोस.

म्हणजे माझं कुणीच ऐकणार नाही. आणि मी पुन्हा शनिनीला जाऊ शकत नाही. मी गेलो की माझ्यामागून तोही जाईल. माझ्यासाठी तिचं दार बंद होतं. त्याच्यासाठी ती उघडते.

३ जुलै, गुरुवार

भर दुपार. गल्लीत कुत्रंही नाही. मी चालताना सावली पाहिली. एकच आहे, पण कडेने जाड झालेली. ओल्या कागदावर एकच अक्षर दोनदा गिरवल्यासारखी.

थांबलो. ती एका पावलानंतर थांबली.

५ जुलै, शनिवार

प्रयोगशाळेत दोन दिव्यांची एक लाकडी पेटी आहे, डाग तपासायची. एका दिव्यात मेंदी आणि पूड दोन्ही काळी दिसतात. दुसऱ्यात नुसती मेंदी, पुडीचा मागमूस नाही. मनात आलं, हात घालून बघू. वेडेपणा, पण बघू.

बोटांना मेंदी चोळली, आत घातली. पहिला दिवा. हात दिसला. बोटं जरा जास्तच जाड, इतकंच.

दुसरा दिवा. पेटी रिकामी वाटली.

हात आत होता. मला लाकूड लागत होतं, नखं आपटत होती. पेटीत हात नव्हता. नुसती मेंदी दिसत होती, हवेत, बोटांच्या आकारात—

म्हणजे आम्हा दोघांतली भेसळ, पुडीचा तो, कोण? लिहितोय तो?

नाही. मी वज्दी. मी मुलूखिया खात नाही. मी दार आपटतो.

७ जुलै, सोमवार

परवा तिची मेंदी. दुपारी बायका जमणार, हातपाय बांधणार.

खाल्ती आज म्हणाली, हल्ली एकदाच येतोस, बरं वाटतं. शहाणा झालास.

मी तिच्यापुढे रडलो. सांगितलं, शनिनीला जा, दोरसाफला सांग, ती मेंदी नको. तिने डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, अरे, काल रात्री तूच तर म्हणालास, खाल्ती, मी काही बोललो तर मनावर घेऊ नकोस, मी जरा आजारी आहे.

काल रात्री मी बोललोच नाही तिच्याशी.

ताट रिकामं होतं. तोंडाला मुलूखियाची चव आहे. अजून आहे.

८ जुलै, मंगळवार

ठरलं. हलायचंच नाही. मी गेलो नाही तर तो कुणामागून जाणार? प्रयोगशाळेत शिरून आतून कडी घातलीय. पंपही बंद केला. सगळं थांबवलं. उद्याची संध्याकाळ होईपर्यंत या खुर्चीतून उठणार नाही. मेंदीचं— सी मोंजी तरी शनिनीला सांगायला जातील. फोनवर पुन्हा पुन्हा पाया पडलोय त्यांच्या. जातील.

थोड्या वेळाने—

सी मोंजी दाराबाहेर आले. जात नाही म्हणाले. कशाला जाऊ, तूच सकाळी येऊन माफी मागून गेलास, सगळं खोटं होतं म्हणालास. मग त्यांना पंपाचा आवाज येईना. दारावर बुक्क्या मारल्या. गाढवा, नळीत माल असताना पंप थांबवलास? थांबवलं की वेगळे होतात असं वाटलं तुला? थांबले की जागच्या जागी पसरतात. एकमेकांत शिरतात. मग बापजन्मी सुटत नाहीत.

मी विचारलं, किती वेळात?

तोवर ते जिना उतरून गेले होते.

उठलो नाही. पण खुर्ची— खुर्चीत ऊब आहे. माझ्या आधीपासून कुणी बसलेलं असावं तशी.

९ जुलै, बुधवार

सकाळ. मागे कुणी नाही. पाऊल नाही, जाड सावली नाही. न राहवून उठलो, पंप पुन्हा चालू केला. कोरा द्रव सोडला. सपाट. स्वच्छ. मेंदी सोडली. एक शिखर. उंच. इतकं उंच कधी—

दुपार

टेबलावर कापडी पिशवी आहे. मी आणली नाही. वर माझ्या अक्षरात, प्रत पहिली. वास नुसत्या मेंदीचा नाही.

जिन्यावर पैंजण. खाली कुणीतरी ‘सांभाळून गं नवरी’ म्हणालं.

दोरसाफ. दाराशी. म्हणतेय, वज्दी, उघड ना. तू सकाळी आलास तेव्हा मीच काकांना गप्प केलं. तुझं खरं होतं, दळणाऱ्याने कबूल केलं, ती मेंदी फेकली आम्ही. तू म्हणालास तशी आलेय. दे तुझ्याकडची चांगली. बायका खोळंबल्यात.

फेकली. फेकली ती. वाचली असती. त्या दिवसानंतर मी काहीच केलं नसतं तरी—

ओरडलो, जा! घरी जा! इथलं काही घेऊ नकोस!

ती हसली. म्हणाली, आत्ता तर ये म्हणालास, आता जा? काहीतरी एक बोल.

मी ये म्हणालो नाही. ओठ मिटलेले आहेत माझे. आवाज येतोय. हळू बोलतो तो. तिचं बोलून होईपर्यंत थांबतो.

ती हात पुढे करून उभी आहे, कडीपुरत्या किलकिल्या दाराच्या फटीतून दिसतायत. गोरे, कोरे. बोटांत अजून काही—

दाराला पाठ लावलीय. डाव्या हाताने कडी घट्ट धरलीय, बोटं पांढरी पडलीयत, सोडणार नाही. उजव्याने हे लिहितोय. कुणी वाचलं तर तिला सांगा की मी धरून होतो. दोन्ही हात गुंतलेत माझे. दोन्ही. मग पिशवी उचलून फटीतून बाहेर देतोय तो हात कुणा—